पीडीएफमध्ये वेलांटी कुठे सांडते?

स्क्रीनवर सगळं जागच्या जागी असतं. वर मराठी मथळा, खाली इंग्रजी मजकूर, शेजारच्या रकान्यात उर्दू किंवा तमिळ. आपण एक्सपोर्ट करून फाईल पाठवतो आणि थोड्या वेळाने समोरून निरोप येतो, 'फॉन्ट उडालाय.'

हे दोन शब्द ऐकले की मी आधी फोटो मागतो. अंगावर चट्टे आलेत असं सांगून औषध मिळत नाही, चट्टे दाखवावे लागतात, तसंच हे. अक्षरांच्या जागी चौकोन आलेत, की वेलांटी चुकीच्या बाजूला गेलीय, की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी झालीय, की सगळं छान दिसतंय पण शोधलं तर सापडत नाही? हे चार वेगळे बिघाड आहेत, त्यांची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. अक्षर कसं मोडलंय यावरूनच ते कुठे मोडलं ते कळतं. फॉन्ट पुन्हा इन्स्टॉल करणं, मशीन बंद-चालू करणं, शेवटी वैतागून सगळं कर्व्ह करून टाकणं (म्हणजे अक्षरांची रेखाचित्रं बनवणं), हे सगळं त्यानंतरचं.

त्यासाठी एका शब्दाचा प्रवास बघू. शब्द साधाच घेऊ: 'किती'.

संगणकाच्या लेखी 'किती' म्हणजे चार क्रमांक. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकात, देवनागरीला ०९०० पासून ०९७एफ पर्यंत १२८ जागा दिलेल्या आहेत. त्यातला क म्हणजे ०९१५, पहिली वेलांटी ०९३एफ, त ०९२४ आणि दुसरी वेलांटी ०९४०. साठवणीचा क्रम उच्चाराचा असतो, म्हणजे आधी क आणि मग वेलांटी. कागदावर मात्र पहिली वेलांटी क च्या आधी उभी राहते. म्हणजे कुणीतरी तिला उचलून डावीकडे नेलं पाहिजे.

हे काम फॉन्ट एकटा करत नाही. फॉन्टमध्ये आकार असतात, त्यांना ग्लिफ म्हणतात, आणि सोबत नियमांचे तक्ते असतात: क आणि ष पाय मोडून शेजारी आले तर क्ष चा आकार लाव, रफार आला तर तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर ने, वगैरे. १२८ जागांच्या देवनागरीसाठी एका बऱ्या फॉन्टमध्ये कित्येकशे ग्लिफ असतात ते यामुळेच. नियम वाचून ते अमलात आणणारा प्रोग्रॅम वेगळा असतो. त्याला शेपिंग इंजिन म्हणतात. हार्फबझ हे त्यातलं सगळ्यात पसरलेलं, क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड, लिबरऑफिस अशा अनेक ठिकाणी तेच बसवलेलं आहे. आपण याला अक्षरजुळणी म्हणू.

जुळणी झाली की शेवटची पायरी पीडीएफची. १९९३ मध्ये ॲडोबीने हा प्रकार आणला तो 'कुठेही उघडा, पान तसंच दिसेल' या वचनावर, आणि २००८ मध्ये तो आयएसओचा मानक झाला. वचन पाळण्यासाठी पीडीएफने अक्षरजुळणीची भानगडच ठेवली नाही. पीडीएफमध्ये 'किती' हा शब्द नसतो. तिथे असतं ते असं: अमुक फॉन्टमधला अमुक क्रमांकाचा ग्लिफ या जागी काढ, त्याच्यापुढे तमुक काढ. जुळणी आधीच झालेली आहे हे गृहीत धरलेलं असतं. म्हणून पीडीएफमध्ये वेलांटी चुकलेली दिसली तर पीडीएफ उघडणाऱ्या प्रोग्रॅमला किंवा छापणाऱ्याला बोल लावण्यात बहुतेकदा अर्थ नसतो. चूक आपल्याकडून निघतानाच झालेली असते.

चौकोन

सगळ्यात सोपा बिघाड आधी उरकून टाकू. अक्षराच्या जागी रिकामा किंवा फुलीचा चौकोन दिसला, तर त्या फॉन्टमध्ये ते अक्षरच नाही. प्रत्येक फॉन्टमध्ये शून्य क्रमांकाचा ग्लिफ 'हे माझ्याकडे नाही' असं सांगण्यासाठी राखलेला असतो. दिसायला टोफूच्या वडीसारखा, म्हणून त्याला टोफूच म्हणतात. गूगलच्या नोटो फॉन्टचं नाव 'नो टोफू' यावरूनच आलं.

मग स्क्रीनवर तेच अक्षर कसं दिसत होतं? उसनं आणलं होतं म्हणून. ब्राउझर किंवा वर्ड एखादं अक्षर फॉन्टमध्ये नसलं की गुपचूप दुसऱ्या फॉन्टमधून ते घेतात आणि आपल्याला सांगतही नाहीत. तोच मजकूर इनडिझाईनसारख्या पानं लावणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चिकटवला की तिथे अशी उसनवारी सहसा चालत नाही आणि चौकोन उघडे पडतात. खरं तर हे बरंच आहे. निदान कळतं तरी.

मराठीत याचा नेहमीचा बळी म्हणजे 'ॲ'. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आलं. त्याआधीच्या फॉन्टमध्ये ते नसतं, आणि मग सगळा मजकूर नीट पण 'ॲप' आणि 'ॲसिड' तेवढे फुटलेले अशी पीडीएफ तयार होते. फॉन्टची नवी आवृत्ती घ्या किंवा फॉन्ट बदला. दुसरा मार्ग नाही.

वर्डमध्ये आणखी एक गंमत आहे. तिथे एकाच मजकुराला दोन फॉन्ट लागलेले असतात, एक लॅटिन लिपीसाठी आणि दुसरा 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' या नावाखाली देवनागरी, अरबी वगैरेंसाठी. आकार आणि ठळकपणाही वेगळा. वरच्या पट्टीतून फॉन्ट बदलला आणि मराठी काही हललीच नाही, असं झालं की फॉन्टचा पूर्ण डायलॉग उघडून तो दुसरा रकाना बघायचा. लिबरऑफिसमध्येही अशीच विभागणी आहे.

विस्कटलेली जुळणी

आता खरा विषय. क नंतर वेलांटी आली, 'राष्ट्र' ऐवजी पाय मोडलेले ष आणि ट सुटे उभे राहिले, 'आर्थिक' मधला रफार थ वर न जाता आ च्या पुढे र् होऊन बसला. इथे फॉन्टमध्ये आकार आहेत, फाईलमध्ये क्रमांकही बरोबर आहेत, पण जुळणी करणारं कुणी जागेवर नव्हतं.

इनडिझाईनमध्ये हा प्रसंग वारंवार येतो, कारण तिथे परिच्छेद रचणारी दोन यंत्रं आहेत. साधं यंत्र रोमन लिपीपुरतं बघतं. देवनागरी, तमिळ, अरबी वगैरेंसाठी परिच्छेदाच्या पॅनेलच्या मेन्यूतून 'वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोजर' निवडावा लागतो. नवीन फाईलमध्ये निवडला तरी जुन्या टेम्प्लेटमधल्या स्टाइल तो बदल मानत नाहीत, म्हणून तो प्रत्येक पॅराग्राफ स्टाइलमध्येच टाकून ठेवा. इलस्ट्रेटरमध्येही टाइपच्या सेटिंगमध्ये भारतीय लिप्यांचा पर्याय असतो, आणि फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत दक्षिण आशियाई लिप्यांचा असायचा.

प्रोग्रॅम लिहून प्रमाणपत्रं, ओळखपत्रं, अहवाल आपोआप तयार करणाऱ्यांना हा बिघाड सगळ्यात जास्त छळतो. पीडीएफ बनवणाऱ्या बऱ्याच लायब्रऱ्या (प्रोग्रॅममध्ये जोडायचे तयार कोडचे संच) क्रमांक घेतात, फॉन्टमधला समोरचा ग्लिफ काढतात आणि ओळीने मांडतात, बस्स. इंग्रजीला तेवढं पुरतं. मराठीला नाही पुरत. लायब्ररीत हार्फबझ जोडण्याची सोय आहे का ते आधी बघा. नसेल तर मजकुराचं वेबपान बनवून क्रोमकडूनच त्याची पीडीएफ काढून घेणं हा मला अजूनही सगळ्यात कमी कटकटीचा मार्ग वाटतो.

जुळणी करणारं यंत्र हजर असूनही शब्द मोडतो तो दोन कारणांनी. एक, अक्षर आणि त्याची मात्रा यांच्या मध्येच फॉन्ट बदललेला असतो. शोधा-बदला करताना किंवा उसनवारीत फक्त मात्रा दुसऱ्या फॉन्टमध्ये गेली की यंत्राला ते दोन वेगळे तुकडे दिसतात आणि ते त्यांना जोडत नाही. अशा अनाथ मात्रेखाली ठिपक्यांचं वर्तुळ येतं. ते वर्तुळ दिसलं की ओळखायचं, मात्रेला बसायला अक्षर मिळालेलं नाही.

दुसरं कारण खास मराठीचं. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'सुऱ्या' यांतला आडवा र दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एक तऱ्हा म्हणजे खालच्या टिंबाचा ऱ आणि त्याचा पाय मोडून पुढे य. दुसरी म्हणजे साधा र, पाय मोडायचा, आणि मध्ये एक अदृश्य खूण, जिला झेडडब्ल्यूजे म्हणतात. ही अदृश्य खूण फार हळवी. मजकूर मेलमधून, स्प्रेडशीटमधून किंवा एखाद्या वेब-फॉर्ममधून फिरून आला की 'साफसफाई'त ती उडते, आणि 'दुसऱ्या' चं 'दुसर्या' होतं. मग 'फॉन्टमध्ये आडवा र नाही' म्हणून फॉन्ट बदलण्याची धावपळ. फॉन्ट बिचारा निर्दोष असतो. मजकुरात टिंबाचा ऱ वापरा, प्रश्न मुळातच मिटतो.

मराठीचाच आणखी एक मुद्दा ल आणि श यांच्या वळणाचा. आपल्याला शाळेत शिकवलेले ल आणि श हिंदीत रूढ असलेल्या आकारांपेक्षा वेगळे. युनिकोडमध्ये क्रमांक एकच, त्यामुळे कोणतं वळण काढायचं हे फॉन्ट मजकुराच्या भाषेवरून ठरवतो. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही आकार असतात, पण मजकुराची भाषा 'मराठी' अशी लावलेली नसेल तर हिंदी वळण येतं. इनडिझाईनमध्ये कॅरेक्टर स्टाइलमधली भाषा, वेबपानावर भाषेची खूण, एवढंच बघायचं. चिनी, जपानी आणि कोरियन मजकुरात हाच प्रश्न कितीतरी मोठा होतो. असंख्य चित्राक्षरांना तिन्ही भाषांत मिळून एकच क्रमांक आहे पण वळणं वेगवेगळी. भाषा लावली नाही तर जपानी वाचकासमोर चिनी धाटणीची अक्षरं जातात.

अरबी कुळातल्या लिप्यांचं काय होतं ते मी एकदा हात पोळून शिकलो. तीन भाषांच्या एका पत्रकात उर्दूचा रकाना होता. एक्सपोर्ट झाला, आम्ही चौघांनी पाहिला, 'छान दिसतंय' म्हणालो. आमच्यापैकी एकालाही उर्दू वाचता येत नव्हतं. छापायला जायच्या आदल्या दिवशी वाचणारं माणूस भेटलं आणि त्याने पहिल्याच ओळीला हात लावला. अक्षरं उलट्या क्रमाने होती, आणि एकमेकांना न जोडता सुटी. तेव्हापासून लिपी येत नसली तरी दोन गोष्टी डोळ्यांनी तपासतो. अरबी लिपीतले शब्द सलग जोडलेल्या रेषेसारखे दिसतात, मधेमधे तुटक चालेल, पण प्रत्येक अक्षर सुट्या मण्यासारखं दिसत असेल तर नक्की मोडलंय. आणि ओळी उजव्या कडेपासून सुरू झाल्या पाहिजेत, त्यातले आकडे मात्र डावीकडून उजवीकडेच वाचले जातात. तमिळमध्ये 'ओ'ची खूण अक्षराच्या दोन्ही बाजूंना उभी राहते. ती एकाच बाजूला गोळा झालेली दिसली तर जुळणी झालेली नाही. अर्थात वाचणारा माणूस मिळवणं हाच पक्का उपाय.

जाता जाता मथळ्यांबद्दल. इंग्रजी मथळ्यात अक्षरांमधलं अंतर थोडं वाढवलं की तो ऐटदार दिसतो. तीच सेटिंग मराठीला लागली की शिरोरेषा तुटते आणि शब्दाची कुंपणाच्या खुंट्यांसारखी रांग होते. अरबीचीही तीच गत. या लिप्यांच्या स्टाइलमध्ये अंतर शून्य ठेवा.

तुमच्याकडे ठीक, त्यांच्याकडे नाही

आतापर्यंतचे बिघाड पीडीएफ कुठेही उघडली तरी तसेच दिसतात. आपल्या मशीनवर नीट दिसणारी फाईल दुसरीकडे उघडल्यावर बिघडत असेल, तर फॉन्ट फाईलबरोबर गेलेलाच नाही. त्याला एम्बेड होणं म्हणतात, म्हणजे फॉन्ट पीडीएफच्या पोटात बसवणं. बहुतेक वेळा पूर्ण फॉन्ट जात नाही, वापरलेले ग्लिफच जातात. म्हणूनच पीडीएफमध्ये एखादा शब्द बदलायला गेलं की नवं अक्षर उमटत नाही. ते पोटात नसतंच. दुरुस्ती मूळ फाईलमध्ये करून पुन्हा एक्सपोर्ट करावी हे उत्तम.

'इंग्रजी नीट आली, मराठीच गेली' या तक्रारीचं मूळही इथेच. पीडीएफच्या मूळ आराखड्यात टाइम्स, हेल्वेटिका, कुरियर यांचे प्रकार धरून १४ फॉन्ट प्रत्येक वाचकाकडे असतील असं मानलेलं होतं. त्यामुळे रोमन मजकूर फॉन्ट सोबत नसतानाही भागवून नेतो. त्या चौदात देवनागरीचा एकही नाही.

तपासणं सोपं आहे. ॲक्रोबॅट रीडरमध्ये फाईलच्या प्रॉपर्टीजमध्ये फॉन्टचा टॅब असतो, तिथे प्रत्येक नावापुढे 'एम्बेडेड' किंवा 'एम्बेडेड सबसेट' लिहिलेलं पाहिजे. कमांड लाइन चालवणाऱ्यांसाठी पॉपलर या संचातला पीडीएफफॉन्ट्स हा छोटा प्रोग्रॅम हेच एका तक्त्यात दाखवतो.

एम्बेड का झाला नाही याचं एक कारण परवानगीचं असतं. फॉन्टच्या फाईलमध्येच तो एम्बेड करता येईल की नाही याची नोंद असते, आणि 'नाही' असेल तर शहाणा प्रोग्रॅम तो बसवत नाही. वर्ड अशा वेळी पर्याय दिलेला असेल तर मजकुराचं चित्र करून टाकतो. दुसरं कारण जुन्या टाइप-वन फॉन्टचं; ॲडोबीने आपल्या प्रोग्रॅममधून त्यांचा आधार जानेवारी २०२३ मध्ये काढला. आणि एक्सपोर्टच्या पर्यायांत पीडीएफ/ए किंवा पीडीएफ/एक्स मिळत असेल तर तो निवडा. या दोन्ही मानकांत सगळे फॉन्ट पोटात असणं सक्तीचं आहे. म्हणजे एकतर फाईल नीट निघेल, नाहीतर निघतानाच ओरडेल.

मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं यांची खिचडी दिसली तर मात्र मजकूर युनिकोडमध्ये नाहीच. कृतिदेवसारखे जुने फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्याच क्रमांकांवर मराठीचे आकार चढवतात. फॉन्ट असेपर्यंत मराठी दिसते, तो काढला की खालची इंग्रजी उघडी पडते. कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा आणि मग रफार, 'ऱ्या' आणि अनुस्वार यांवर नजर ठेवून पूर्ण वाचून काढा; कन्व्हर्टर तिथेच घसरतात.

ठळकपणाचाही एक बारीक सापळा आहे. फॉन्टचं ठळक रूपच नसताना ठळक करायचं 'B' बटण दाबलं तर वर्डसारखे प्रोग्रॅम साध्या अक्षरालाच जाड करून दाखवतात. पीडीएफमध्ये तो खोटा जाडपणा कधी नाहीसा होतो, कधी अक्षरांची पोटं बुजवतो. ठळक रूप असलेला फॉन्ट घ्या.

दिसतं ठीक, सापडत नाही

पीडीएफ सुंदर दिसते. पण त्यात 'किती' शोधलं तर शून्य निकाल, आणि कॉपी करून चिकटवलं तर वेलांट्या इकडेतिकडे. काही बिघडलंय असं वाटतं, आणि बिघडलेलंच असतं, फक्त डोळ्यांना न दिसणाऱ्या थरात.

पीडीएफमध्ये ग्लिफ आहेत, शब्द नाहीत, हे वर म्हटलं. मग शोधायचं कसं? त्यासाठी प्रत्येक फॉन्टबरोबर एक उलटा तक्ता जातो: या ग्लिफचा अर्थ हा युनिकोड क्रमांक. त्याचं नाव टू-युनिकोड. इंग्रजीत एक ग्लिफ म्हणजे एक अक्षर, त्यामुळे काम चोख होतं. 'किती'मध्ये मात्र ग्लिफ डोळ्यांच्या क्रमाने मांडलेले आहेत, आधी वेलांटी आणि मग क. तक्त्याने प्रत्येक ग्लिफ बरोबर ओळखला तरी निघणारा क्रम उलटा. रफाराचंही तसंच, तो लिहिताना आधी आणि दिसताना नंतर. तक्ता ग्लिफ ओळखतो, क्रम पूर्ववत लावणं त्याच्या आवाक्यातलं नाही.

त्यावर पीडीएफमध्ये सोय आहे. ग्लिफच्या एका गटाला 'याचा खरा मजकूर हा' अशी चिठ्ठी लावता येते, तिला ॲक्च्युअल-टेक्स्ट म्हणतात. काही प्रोग्रॅम ती लावतात, काही लावत नाहीत, आणि काही वाचक-प्रोग्रॅम ती लावलेली असूनही बघत नाहीत. आपल्या हातात एवढंच की 'प्रिंट'च्या वाटेने पीडीएफ काढण्याऐवजी 'एक्सपोर्ट' किंवा 'सेव्ह ॲज'ची वाट धरायची आणि टॅग्ड पीडीएफचा (मजकुराची आतली रचनाही सोबत नेणाऱ्या पीडीएफचा) पर्याय चालू ठेवायचा. प्रिंटच्या वाटेत उलटा तक्ता बऱ्याचदा गळून पडतो. फाईल फक्त छापायची असेल तर हे सगळं सोडून द्या. पण ती लोक शोधणार असतील, किंवा दृष्टिहीन वाचक स्क्रीन रीडरवर ऐकणार असतील, तर त्यांच्यापर्यंत जातो तो हाच आतला थर.

कर्व्ह करू का?

प्रत्येक वेळी कुणीतरी सांगतंच, 'कर्व्ह करून पाठव, झंझट नको.' सगळ्या अक्षरांची रेखाचित्रं झाली की फॉन्टचा प्रश्न उरत नाही हे खरं. बॅनर, लोगो, एखादा मथळा यासाठी मीही करतो. पण जुळणीच चुकलेली असेल तर कर्व्ह केल्याने चूक दगडात कोरली जाते, एवढंच. शिवाय शोधणं, कॉपी, ऐकणं सगळं संपतं, बारीक मजकूर स्क्रीनवर जाडसर दिसतो, आणि देवनागरीत एक खास अपघात होतो: शिरोरेषेचे तुकडे शेजारच्या अक्षरांवर किंचित चढलेले असतात; सगळी रूपं एकत्र केली की त्या चढलेल्या भागात पांढरी भोकं पडू शकतात. कर्व्ह केलीच तर ४०० टक्के मोठं करून शिरोरेषा बघा, आणि मजकुराची मूळ फाईल वेगळी जपून ठेवा. उलट, कर्व्ह न केलेल्या पीडीएफमध्ये अक्षरांच्या सांध्यावर केसासारखी पांढरी रेघ दिसली आणि झूम बदलल्यावर ती नाहीशी झाली, तर तो स्क्रीनचा खेळ असतो. छपाईत ती येत नाही.

मी प्रत्येक नव्या कामाच्या पहिल्या दिवशी, डिझाईन सुरू करण्याआधी, एक ओळ टाकून तिची पीडीएफ काढतो: 'दुसऱ्या ॲपमधलं आर्थिक वाङ्मय, राष्ट्रीय बुद्ध्यांक, हृदयाची किती शल्यं'. अर्थ काही नाही, पण आडवा र, ॲ, रफारावर वेलांटी, ङ्म, ष्ट्र, द्ध्य, हृ, आणि मराठी ल-श, सगळे त्यात येतात. बाकीच्या लिप्यांसाठी अशीच एकेक ओळ त्या भाषेच्या वाचकाकडून लिहून घेतलेली आहे. पीडीएफ फोनवर उघडतो, कारण तिथे माझे फॉन्ट नसतात. मग ओळ कॉपी करून साध्या नोटमध्ये चिकटवतो आणि 'किती' शोधून बघतो.